एका बिनला एकच नंबर : कोल्हापूरच्या औद्योगिक संघटनांना खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष आणि कार्यकारिणी सदस्य,
शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले आणि शिवाजी उद्यमनगर येथील औद्योगिक संघटना

स. न. वि. वि.

सॉफ्टवेअर घ्या, असे सांगायला हे पत्र लिहिलेले नाही. सॉफ्टवेअरला आपल्याकडे तोटा नाही. टॅली प्रत्येक ऑफिसात आहे, मोठ्या फौंड्र्यांत (ओतकामाच्या कारखान्यांत) ईआरपी, म्हणजे सगळा कारभार एकत्र ठेवणारे सॉफ्टवेअर, आहे, गाड्या आणि ट्रॅक्टर बनवणाऱ्या ग्राहकांची आपापली पोर्टल्स आहेत आणि या सगळ्यांवर मात करून खरा कारभार चालवणारे व्हॉट्सअ‍ॅप आहे. अडचण अशी की यातले एक दुसऱ्याला ओळखत नाही. ती ओळख करून देणे एकट्या कारखानदाराच्या आवाक्यातले नाही, म्हणून हे पत्र संघटनांना. मागणी एवढीच : माल ठेवायच्या प्रत्येक बिनला (लोखंडी पेटीला) सर्वांनी मान्य केलेल्या एकाच नमुन्याचे लेबल.

एक साधा भाग घेऊ. फ्लायव्हील हौसिंग (इंजिनाच्या फ्लायव्हीलचे कवच), वजन १८ किलो, ओतीव लोखंडाची ग्रेड एफजी २६०, महिन्याला ४,००० नगांचे शेड्यूल. शिरोलीत तो ओतला जातो, फेटलिंग (जादा धातू काढणे) आणि शॉट ब्लास्टिंग (पोलादी छर्‍यांच्या माऱ्याने सफाई) होते. तिथून टेम्पोने गोकुळ शिरगावला मशीन शॉपमध्ये, मग पेंटिंगला तिसरीकडे, आणि शेवटी परत फौंड्रीत किंवा परस्पर पुण्याला. माल चार दारांतून जातो. प्रत्येक दारात त्याला नवे नाव आणि नवा नंबर मिळतो. फौंड्री त्याला पॅटर्नच्या (साचा ज्यावरून बनतो त्या नमुन्याच्या) नंबरने ओळखते, मशीन शॉप ड्रॉइंग नंबरने, पेंटवाला ‘मोठं हौसिंग’ म्हणून, आणि ग्राहकाच्या पोर्टलवर तो आणखी चौथ्याच पार्ट नंबरने बसलेला असतो. ड्रॉइंगची रिव्हिजन बदलली तर ती या चारांपैकी दोघांनाच कळते.

मग दिवसभर फोन. “माल कुठंवर आलाय?” “फेटलिंगला हाय, सांजच्याला टेम्पो लावतो.” हे उत्तर खोटे नसते, पण किती नग, कुठल्या हीटचे (भट्टीतल्या कुठल्या वितळीचे), कालचे की परवाचे, हे सांगणाऱ्यालाही ठाऊक नसते. बिनला तारेने बांधलेली एक चिठ्ठी असते, ती तेलाने भिजून पारदर्शक झालेली. कास्टिंगवर खडूने हीट नंबर लिहिलेला असेल तर शॉट ब्लास्टिंगमधून बाहेर पडताना तो साफ गेलेला असतो. पॅटर्नमध्ये डेट इन्सर्ट असतो खरा, पण शिफ्ट बदलताना तो बदलायचा राहिला की दोन दिवसांचा माल एकाच तारखेचा होतो.

या अंधाराची किंमत कागदावर काढता येते. महिन्याचे २५ दिवस धरले तर रोजचे १६० नग. पुढच्याकडे किती माल पडून आहे हे कुणालाच दिसत नसल्यामुळे प्रत्येक टप्प्यावर ‘असू दे’ म्हणून तीन दिवसांचा साठा धरला जातो : फेटलिंगनंतर, मशीनिंगच्या आधी, मशीनिंगनंतर आणि पेंट होऊन गाडीची वाट पाहताना. चार टप्पे, तीन दिवस, १६० नग, म्हणजे १,९२० नग. साधारण साडेचौतीस टन. हिशोबाला सोपे म्हणून किलोला १०० रुपये धरले तर एका भागामागे सुमारे साडेचौतीस लाख रुपये वाटेत पडून. साठा दीड दिवसावर आणता आला तर यातले सतरा लाख मोकळे होतात. कॅश क्रेडिटवर व्याज भरणाऱ्याला पुढचे गणित सांगायची गरज नाही.

व्याजापेक्षा मोठे नुकसान मात्र दुसरेच आहे. ब्लो होल (अडकलेल्या वायूने पडलेले छिद्र) कास्टिंगच्या वरून बहुधा दिसत नाही, मशीनिंगमध्ये कातडी निघाली की उघडे पडते. वाळूतला ओलावा वाढला, कोअर (आतल्या पोकळीसाठीचा वाळूचा गाभा) नीट भाजला गेला नाही किंवा व्हेंट (वायू जायची भोके) बुजले, तर त्या दिवशी ओतलेल्या मालात दोष बसतो. पण मधे सहा दिवसांचा साठा उभा असेल तर मशीन शॉपला तो आठवड्याने दिसतो, आणि तोपर्यंत फौंड्री त्याच चुकीवर आणखी ९६० नग ओतून बसलेली असते. साठा कमी केला की चूक लवकर सापडते. साठा कमी करायचा तर पुढे काय पडले आहे ते दिसायला हवे. पुरवठा साखळीत माहिती तंत्रज्ञानाचा फायदा कुठे, असे कुणी विचारले तर आमच्या मते पहिले उत्तर इथे आहे. संगणकीकृत बिले आणि रंगीत डॅशबोर्ड त्याच्या फार नंतर येतात.

ग्राहकाकडून तक्रार आली की हाच प्रश्न उलट बाजूने येतो. एक टनाची भट्टी, ६५ टक्के यील्ड, म्हणजे एका हीटमधून ६५० किलो चांगला माल, म्हणजे १८ किलोचे सुमारे ३६ नग. नॉकआउटनंतर (साचा फोडून माल बाहेर काढल्यावर) तो मिसळतो, त्यामुळे एका बिनमध्ये दोन हीट येणारच. दोन्ही नंबर लिहिले असतील तर संशयित माल ७२ नगांच्या आसपास. नंबरच नसेल तर वाटेतले सगळे १,९२० नग, शिवाय ग्राहकाच्या स्टोअरमधले आणि लाइनवरचे. मग दोन माणसे पुण्याला पाठवून तिथे सॉर्टिंग, त्याची डेबिट नोट, बदली माल नेणारी खास गाडी. दोष तोच, खर्च किती होणार ते बिनवरच्या चिठ्ठीने ठरते.

आता मागणी. सर्व संघटनांनी मिळून बिनच्या लेबलचा एकच नमुना ठरवावा आणि सदस्यांनी तो एकमेकांच्या दारात मान्य करावा. हे काम एका संघटनेच्या एका उपसमितीला एका महिन्यात जमण्यासारखे आहे.

लेबलवर काय असावे याचा आमचा प्रस्ताव असा. बिन एकदा भरला की त्याला एक अनुक्रमांक, जो पुन्हा कधीही वापरायचा नाही. लोखंडी बिनवर कायमची पाटी ठोकून तोच नंबर फिरवायचा मोह होतो, पण मग एकाच नंबराचे दहा भराव होतात आणि शोध घेताना गोंधळ उडतो. शिवाय बिन जिथे जातो तिथेच राहतो, हे सर्वांना माहीत आहे. अनुक्रमांकाच्या आधी कारखान्याची ओळख. त्यासाठी नवी कोड यादी बनवत बसू नका. प्रत्येकाकडे १५ अक्षरी जीएसटी क्रमांक आहे, तोच वापरावा. एकाच जीएसटी क्रमांकावर राज्यात दोन-तीन युनिट असू शकतात, म्हणून शेवटी दोन आकडे जास्तीचे. मग ग्राहकाचा पार्ट नंबर आणि रिव्हिजन, हीट नंबर (दोनपर्यंत), ओतल्याची तारीख, नग, झालेले शेवटचे काम आणि पुढचे काम. दर कुठेही नको. ग्राहकाचे नावही नको, पार्ट नंबर पुरतो.

हे सगळे शंभराच्या आसपास अक्षरांत बसते आणि साध्या क्यूआर कोडमध्ये मावते. क्यूआर कोड हा मुळात आपल्याच धंद्याचा : जपानच्या डेन्सो कंपनीने १९९४ साली तो गाड्यांच्या सुट्या भागांवर नजर ठेवण्यासाठी काढला, चहाच्या टपरीवर तो फार नंतर आला. त्यात चूक-दुरुस्तीच्या चार पातळ्या असतात. आपल्या वातावरणाला वरच्या दोन घ्याव्यात, ज्यात २५ ते ३० टक्के भाग खराब झाला तरी कोड वाचता येतो. कोडच्या आत देवनागरी नको, प्रत्येक अक्षर जास्त जागा खाते आणि कोड बारीक होतो. माणसाने वाचायचा मजकूर बाजूला मोठ्या मराठीत छापावा. कोडची बाजू निदान २५ मिलिमीटर ठेवावी, नाहीतर स्वस्त मोबाइलचा कॅमेरा शेडच्या उजेडात तो पकडत नाही.

कागदी लेबल आणि वॅक्स रिबन (प्रिंटरची मेणाच्या शाईची फीत) हे जोडीने फसते. कूलंट लागले की छपाई पुसते आणि मग दोष सॉफ्टवेअरला दिला जातो. पॉलिएस्टर लेबल आणि रेझिन रिबन महाग पडते, पण तेलात टिकते. गरम बिनला लेबल चिकटवू नये, तारेने बांधायच्या टॅगवर लावावे. आणि लेबल शॉट ब्लास्टिंगनंतरच, आधी नाही.

स्कॅन किती ठिकाणी? इथे उत्साह आवरा. प्रत्येक मशीनवर स्कॅनर बसवणारे पंधरा दिवसांत थकतात. बिन भरला, गेटबाहेर गेला, पुढच्याच्या गेटआत आला, काम होऊन नवा बिन भरला. एवढे चार स्कॅन पुरेत. बारा-पंधरा हजारांचा अँड्रॉइड मोबाइल चालतो. पत्र्याच्या शेडमध्ये नेटवर्क जाते, म्हणून नोंद आधी मोबाइलमध्येच साठावी आणि रेंज आली की पुढे जावी. हे न करणारे अ‍ॅप कितीही देखणे असले तरी परत करावे.

सगळ्यात जास्त साखळी तुटते ती मशीन शॉपच्या आत. आलेला बिन उघडतो, नग एकेक करून व्हीएमसी मशीनवर चढतात आणि उतरतात दुसऱ्याच बिनमध्ये. जुना नंबर तिथे मरतो. उपाय म्हटले तर साधा आहे : एक बिन संपल्याशिवाय त्याच मशीनवर दुसरा उघडायचा नाही, आणि नव्या बिनच्या नोंदीत जुन्या बिनचा नंबर ‘आई’ म्हणून टाकायचा. दोन मिसळलेच तर दोन्ही आया लिहा, पण लिहा. रात्रपाळीत हे पाळले जात नाही, म्हणून पहिले काही आठवडे सुपरवायझरने रोज पाच बिन उचलून उलटा माग काढून पाहावा. पाचपैकी चार लागत नसतील तर पुढे जाऊ नये, आधी तेवढे दुरुस्त करावे.

याला जोडून नामंजूर मालाच्या कारणांची एक सामायिक यादी. ब्लो होल, पिन होल, वाळू, श्रिंकेज, कोल्ड शट, मिसमॅच, कोअर सरकणे, हार्ड स्पॉट, मटेरियल कमी, बोअर ओव्हरसाइज, टूल मार्क, हाताळणीत तुटणे. बारा कारणे, बारा आकडे. ‘इतर’ हा पर्याय ठेवू नये, ठेवला की निम्मा माल तिकडे जातो. कास्टिंगचे रिजेक्शन की मशीनिंगचे, हे आपल्याकडचे जुने भांडण. मशीन शॉप म्हणते आमचा मशीनिंगचा खर्च बुडाला, फौंड्री म्हणते तुमचे सेटिंगच चुकले होते, आणि हिशोब तीन महिन्यांनी अंदाजपंचे मिटतो. बिन नंबरासह रोज नोंद झाली तर तो दर आठवड्याला मिटवता येतो. फौंड्रीला त्याहून मोठा लाभ : त्या हीटचा स्पेक्ट्रोमीटरचा (धातूतल्या घटकांचे प्रमाण मोजणाऱ्या यंत्राचा) निकाल, वाळूचा ओलावा आणि ओतण्याचे तापमान शेजारी ठेवून पाहता येते. स्पेक्ट्रोमीटरचे आकडे मशीनमधून थेट घ्यावेत. वहीतून संगणकात उतरवताना ०.०८ चे ०.८ होते आणि ते महिनाभर कुणाच्या लक्षात येत नाही.

दूध संस्थेच्या काट्यावर शेतकऱ्याला फॅट आणि एसएनएफची पावती तिथल्या तिथे हातात पडते, आणि आज म्हशीला काय कमी पडले हे त्याला संध्याकाळच्या धारेआधी कळते. आपल्या फौंड्रीला आपल्या मालाची फॅट तीन आठवड्यांनी कळते.

अकाउंट्स विभागाला हे सगळे ‘प्रॉडक्शनचे’ वाटेल, म्हणून त्यांच्यासाठी थोडे. जॉबवर्कला (दुसऱ्याकडून काम करून घ्यायला) पाठवलेला माल एका वर्षात परत आला पाहिजे, नाहीतर पाठवल्याच्या दिवशीच तो विकला असे कायदा धरतो. पॅटर्न, जिग आणि फिक्स्चरना ही मुदत नाही. पाच कोटींच्या वर उलाढाल असेल तर आयटीसी-०४ हा जॉबवर्कच्या मालाचा जीएसटी फॉर्म सहामाही भरायचा, खाली असेल तर वार्षिक. तो भरताना दरवेळी अडते ते वजन आणि नग यांच्यात. १८ किलोचा नग मशीनिंग होऊन साडेपंधरा किलोचा परत येतो. चलन किलोत काढले असेल तर ताळमेळ बसत नाही, नगात काढले असेल तर बोरिंगचा (मशीनिंगमध्ये निघणाऱ्या लोखंडी चुऱ्याचा) हिशोब राहतो. आणि ते बोरिंग थोडे नाही : अडीच किलो गुणिले ४,००० म्हणजे महिन्याला दहा टन. ते भट्टीत परत येते की मशीन शॉप विकते, ते कुणाच्या बिलात दिसते, याची नोंद आज तोंडी आहे. सामायिक नमुन्याच्या चलनात नग आणि वजन दोन्ही रकाने सक्तीचे करा. बेळगावला जॉबवर्क पाठवणाऱ्यांना आणखी एक आठवण : राज्याबाहेर जॉबवर्कला जाणाऱ्या मालाला किंमत कितीही कमी असली तरी ई-वे बिल लागते.

बिलाच्या क्रमाची चूकही जवळजवळ सार्वत्रिक आहे. दुपारी चारला प्लॅनवरचा आकडा बघून बिल काढले जाते, गाडी भरते सातला आणि भरताना बारा नग कमी निघतात. १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींच्या वरच्या उलाढालीला ई-इन्व्हॉइस सक्तीचे आहे. एकदा आयआरएन (ई-इन्व्हॉइसचा सरकारी नोंद क्रमांक) निघाला की बिलात दुरुस्ती होत नाही. रद्द करायचे तर २४ तासांच्या आत, आणि त्यावर ई-वे बिल चालू असेल तर तेही नाही. मग क्रेडिट नोट, ग्राहकाच्या पोर्टलवर एएसएन (माल निघाल्याची आगाऊ सूचना) वेगळा, गेटवर गाडी उभी. क्रम उलटा करा : आधी गाडीत चढणारा प्रत्येक बिन स्कॅन, मग त्या स्कॅनमधूनच बिल, त्यातूनच ई-वे बिल आणि एएसएन. एकच आकडा तिन्हीकडे. पुणे साधारण २३० किलोमीटर आणि ई-वे बिलाला २०० किलोमीटरला एक दिवस, म्हणजे दोन दिवस मिळतात. घाई करून अंदाजे बिल काढायचे काही कारण उरत नाही.

आकडे जुळले की पैसे लवकर सुटतात, हा भाग उद्योजकांना फारसा सांगितला जात नाही. सूक्ष्म आणि लघू उद्योगांचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. मुदत मोजायची ती माल स्वीकारल्यापासून. ग्राहकाने १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही तर माल स्वीकारला असे मानतात. म्हणजे माल कुठल्या दिवशी, किती नग पोचला याचा पुरावा हाच वसुलीचा पाया. ट्रेड्सवर (लहान उद्योगांना बिलावर आधी पैसे मिळवून देणाऱ्या ऑनलाइन मंचावर) बिल टाकून आधी पैसे उचलायचे तरी खरेदीदाराने बिल मान्य करावे लागते, आणि ते अडते बहुधा नगांच्या फरकावरच.

शेड्यूलबद्दल ग्राहकांशी संघटनेनेच बोलावे, एकटा पुरवठादार बोलू शकत नाही. मागणीतला लहान चढउतार साखळीत मागे मागे जाताना फुगत जातो, हे प्रॉक्टर अँड गॅम्बलच्या डायपरच्या उदाहरणावरून जगभर शिकवले जाते. बाळांची संख्या स्थिर, दुकानातली विक्री जवळपास स्थिर, पण कारखान्याकडच्या ऑर्डरी मात्र उड्या मारणाऱ्या. आपल्याकडे ग्राहकाला ४,००० हवे असतात, तो सुरक्षित म्हणून ४,४०० चे शेड्यूल टाकतो, फौंड्री रिजेक्शन धरून ४,८०० चे कोअर मागवते, कोअरवाला ५,००० ची वाळू आणि रेझिन भरतो. पुढच्या महिन्यात ग्राहकाकडे साठा जास्त झाल्यामुळे शेड्यूल ३,२०० वर येते आणि कोअरवाल्याला तर जवळपास काहीच उरत नाही. उपाय दोनच. पहिले दोन आठवडे गोठवलेले आणि पुढचे सहा अंदाजी, असे शेड्यूल दर आठवड्याला मिळावे. आणि त्यासोबत ग्राहकाकडचा आजचा साठा कळावा. गाड्यांच्या धंद्यात शेड्यूल आणि एएसएन पाठवायचे ठरलेले आंतरराष्ट्रीय नमुने आहेत, पण आपल्या ऑफिसातला मुलगा अजूनही पाच पोर्टल उघडून तेच आकडे पाच वेळा टाइप करतो. या पाचांतून शेड्यूल उतरवून घेणारा एक सामायिक दुवा संघटनेच्या खर्चाने होऊ शकतो. पण तो दुसऱ्या टप्प्यात. आधी घरातले लेबल.

आता ज्या कारणाने हे सगळे बारगळेल त्याबद्दल. मशीन शॉपला भीती आहे की फौंड्रीला आपली क्षमता आणि आपले इतर ग्राहक दिसतील. फौंड्रीला भीती आहे की मशीन शॉप परस्पर ग्राहकाला गाठेल. दोन्ही भीती खऱ्या आहेत, उगाच नाहीत. म्हणून नियम आधी लिहून घ्यावेत. प्रत्येकाला फक्त आपल्या मालाचे बिन दिसतील. मशीन शॉपमध्ये माझे किती नग पडलेत ते मला दिसेल, शेजाऱ्याचे नाही. दर, ग्राहकाची नावे आणि मशीनची क्षमता या व्यवस्थेत कुठेच भरायची नाही. माहिती एका सदस्याच्या कंपनीत किंवा सॉफ्टवेअरवाल्याच्या ताब्यात राहणार नाही, संघटनेच्या नावावर राहील, आणि कुणी बाहेर पडला तर त्याची नोंद त्याला फाइल करून मिळेल. हे एका पानात लिहून सह्या झाल्याशिवाय एकही स्कॅन करू नये असे आमचे स्पष्ट मत आहे.

राजकोट, कोइमतूर आणि बेळगावच्या फौंड्र्या उद्या आपल्याइतकेच चांगले ईआरपी विकत घेतील, काहींनी घेतलेही असेल. त्या बाबतीत आपल्याला आघाडी मिळायची नाही. पण ओतकाम, मशीनिंग, पॅटर्न, पेंट, टूल रूम अशी सगळी कामे तासाभराच्या टेम्पोच्या अंतरात आणि सगळ्यांचा बिन एकाच भाषेत बोलतो, ही व्यवस्था कुणाला बाजारातून उचलून आणता येत नाही. ऑइल इंजिनांच्या काळापासून एकमेकांच्या दारात काम करायची सवय आपल्याला आहेच, फक्त आजवर ती तोंडी चालली.

पावसाळ्याचे वेगळे लिहायला हवे. २०१९ आणि २०२१ मध्ये पुणे-बेंगळुरू महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली गेला आणि वाहतूक काही दिवस ठप्प झाली. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. पाणीपातळी प्रशासन जाहीर करते, पण डिस्पॅचच्या निर्णयाशी तिला कुणी जोडत नाही. आमची सूचना : ३५ फुटांवर पुढच्या आठवड्याच्या शेड्यूलमधला तयार माल पुण्याच्या बाजूला हलवायला सुरुवात करावी, ३७ ला नदीच्या पुलापलीकडच्या जॉबवर्कला नवा माल पाठवणे थांबवावे, ३९ ला ग्राहकाला लेखी कळवावे की वाटेत किती, पलीकडे किती आणि अलीकडे अडकलेला किती. हे तिन्ही आकडे बिनच्या नोंदी असतील तर दहा मिनिटांत निघतात, नसतील तर पाणी ओसरल्यावर निघतात. ग्राहक पुराबद्दल माफ करतो, ‘बघून सांगतो’ याबद्दल करत नाही.

त्याच पावसाळ्याचा दुसरा मुद्दा : सर्व्हर तळमजल्यावर टेबलाखाली असतो. नोंदींच्या तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, त्यातली एक गावाबाहेर. आणि महिन्यातून एकदा बॅकअप उघडून खरोखर चालतो का ते पाहावे, ‘बॅकअप झाला’ हा हिरवा संदेश पुरेसा नाही. हल्ल्याची भीती फक्त मोठ्यांना असते असेही समजू नये. १ मार्च २०२२ ला टोयोटाने जपानमधले आपले सगळे १४ कारखाने एक दिवस बंद ठेवले, कारण कोजिमा हा प्लॅस्टिकचे भाग देणारा एक पुरवठादार सायबर हल्ल्यात सापडला होता. म्हणजे तुमच्या नोंदी सुरक्षित आहेत का, हे उद्या ग्राहक आपल्यालाही विचारणारच.

वेळ कोणती निवडावी, यावर वाद नको. मार्चमध्ये नाही आणि दसरा-दिवाळीच्या आधीच्या तेजीत तर मुळीच नाही. अमेरिकेतल्या हर्शी या चॉकलेट कंपनीने १९९९ च्या उन्हाळ्यात, म्हणजे हॅलोविनच्या ऐन तोंडावर, सगळी नवी संगणक व्यवस्था एका दमात चालू केली. गोदामात माल होता, पण तो कुठे आहे हे व्यवस्थेला कळत नव्हते आणि सुमारे १० कोटी डॉलरच्या ऑर्डरी वेळेत गेल्या नाहीत. आपला आकडा लहान असेल, गत तीच होईल.

तेव्हा सुरुवात लहान असावी : एक फौंड्री, दोन मशीन शॉप, एक पेंट शॉप, एकच पार्ट, सहा आठवडे. जुनी वही आणि नवा स्कॅन पहिले चार आठवडे सोबत चालावेत आणि रोज संध्याकाळी दोन्ही आकडे जुळवावेत. फरक आला तर त्याच दिवशी बिनजवळ जाऊन मोजावे, महिनाअखेरीला नव्हे. लागणारे सामान : प्रत्येक ठिकाणी एक थर्मल ट्रान्सफर प्रिंटर, दोन मोबाइल, लेबल आणि रिबन. सॉफ्टवेअर या चाचणीपुरते साधेच चालेल, नोंद आणि शोध एवढे जमले की झाले. मोजायचे आकडे तीन : वाटेतला साठा किती दिवसांचा, दोष सापडायला किती दिवस लागले, आणि पाचपैकी किती बिनचा उलटा माग लागला. चौथा आकडा घेऊ नये, मग कुणीच मोजत नाही.

या पत्रावर संघटनांच्या पुढच्या संयुक्त बैठकीत चर्चा व्हावी आणि उपसमितीत मालकांसोबत निदान दोन डिस्पॅचवाले आणि एक मशीन शॉपचा रात्रपाळीचा सुपरवायझर असावा. त्यांच्याशिवाय ठरवलेला नमुना पहिल्याच आठवड्यात बिनच्या तळाशी सापडेल. लेबलचा आणि चलनाचा कच्चा नमुना, तसेच नियमांचे ते एक पान आम्ही बैठकीआधी तयार करून देऊ.

आपले,
फौंड्री, मशीन शॉप, स्टोअर आणि डिस्पॅचचे काम पाहणारे काही जण
कोल्हापूर